पेटी आली, पुस्तक राहून गेले

शाळेतल्या संगणकाची कळ दाबली की पडद्यावर सर्वांत आधी काय उमटते, याकडे आपण शिक्षक मंडळी फारसे लक्ष देत नाही. कंपनीचे बोधचिन्ह येते, एक चक्र फिरत राहते, मग चित्रांच्या रांगा दिसतात. विद्यार्थी त्यांतल्या एकावर बोट ठेवतो आणि कामाला लागतो. यंत्र त्याला म्हणते, यातले एक निवड. चाळीस वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरायची जी छोटी यंत्रे निघाली, ती असे काही म्हणत नसत. सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम सुरू केला की तळाशी हक्कसूचनेची एक ओळ येई; बाकी पडदा कोरा. एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोवर यंत्राचे नाव, भाषेचे नाव आणि त्याखाली लुकलुकणारी एक आडवी रेघ. त्या रेघेचा अर्थ एवढाच, की आता तू सांग, मी ऐकतो. ज्याला काही सांगता येत नसे, त्याला ते यंत्र काही देतही नसे.

या दोन कंपन्यांच्या यंत्रांचे परीक्षण आम्ही करीत आहोत, ते जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी नव्हे. दोन्ही यंत्रे भारतात आली. एक सरकारी योजनेतून शाळांत पोचले, दुसरे परवाना घेऊन पुण्याच्या एका कंपनीने बाजारात आणले. आमच्या भंडारा जिल्ह्यात तुमसरपासून लाखांदूरपर्यंत अनेक शाळांतून आज संगणक आहेत, कुठे टॅब आहेत, कुठे फळ्याशेजारी मोठा पडदा आहे. पुढच्या वर्षी आणखी कशाची तरी पेटी येईल आणि ती चांगली की वाईट हे मुख्याध्यापकांना ठरवावे लागेल. आमचे म्हणणे असे, की शाळेतल्या यंत्राची परीक्षा त्याच्या वेगावरून किंवा स्मृतीवरून करू नये. त्याच्यासोबत कोणते पुस्तक आले, ते कोणत्या भाषेत आले आणि यंत्र विद्यार्थ्याला आतपर्यंत किती पोचू देते, यावरून करावी. सिंक्लेअर आणि एकॉर्नच्या यंत्रांवर ही कसोटी लावून पाहू.

काटकसरीचा कारागीर

क्लाइव्ह सिंक्लेअर (१९४०–२०२१) विद्यापीठात गेलेले नव्हते. रेडिओ जोडण्याच्या छंदिष्टांसाठी पुस्तिका लिहिणे, मग सुटे भाग विकणे, मग खिशात मावणारे गणकयंत्र, अशा क्रमाने ते संगणकाकडे आले. १९८०च्या सुरुवातीला त्यांचा झेडएक्स ८० निघाला. किंमत ९९ पौंड ९५ पेन्स. सुटे भाग घेऊन घरी स्वतः जोडणाऱ्याला ७९ पौंड ९५ पेन्स. स्मृती एक किलोबाइट, म्हणजे १०२४ अक्षरांएवढी.  कळफलक म्हणजे छापील चौकोनांचे प्लास्टिकचे पान. अपूर्णांक यंत्राला येत नसत. −३२७६८ ते ३२७६७ एवढ्याच पूर्णांकांत त्याचा सगळा व्यवहार.

या यंत्राची एक खोड प्रसिद्ध होती. कळ दाबली की पडदा क्षणभर थरथरे आणि आकडेमोड चालू असेपर्यंत चित्र नाहीसेच होई. कारण सोपे आहे. पडद्यावर चित्र धरून ठेवणे आणि हिशेब करणे ही दोन्ही कामे एकाच प्रोसेसरकडे होती. एकशिक्षकी शाळेत काम केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिसरीला गणित शिकवायला वळले की पहिलीचा वर्ग मोकळा. पुढच्या वर्षी आलेल्या झेडएक्स ८१मध्ये यावर तोड निघाली, तीही एकशिक्षकीच. चित्राच्या वर आणि खाली जी रिकामी पट्टी असते, ती पडद्यावर रंगत असताना प्रोसेसरला जी उसंत मिळे, तेवढ्यात हिशेब उरकायचा. हिशेब हळू होई, पण चित्र टिके. घाई असेल तर चित्र सोडून सगळा वेळ हिशेबाला द्यायची आज्ञाही होती.

झेडएक्स ८१ तयार मिळे ६९ पौंड ९५ पेन्सला. आधीच्या यंत्रात २१ चिप होत्या, यात फक्त ४. बरीचशी कामे फेरांटी कंपनीने बनवलेल्या एका खास चिपमध्ये कोंबलेली होती. स्मृती अजूनही एकच किलोबाइट. पडद्यावर ३२ अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे ७६८ अक्षरे. पडदा पूर्ण भरला की तीन चतुर्थांश स्मृती संपली. म्हणून स्मृती तुटपुंजी असली की यंत्र प्रत्येक ओळ जिथे संपेल तिथवरच साठवून ठेवी, पुढच्या कोऱ्या जागेला जागा देत नसे. एवढ्या अडचणीत डेव्हिड हॉर्न यांनी ६७२ बाइटमध्ये बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम बसवला. त्यात किल्लेकोट नव्हता आणि प्याद्याला बढती नव्हती, पण यंत्र समोर बसून खेळत असे. कमी साधनांत काय होते, याचा असा दाखला गणिताच्या शिक्षकाने वर्गात जरूर सांगावा.

आता दोष. स्मृती वाढवायची तर पाठीमागे १६ किलोबाइटचा एक ठोकळा खोचावा लागे. तो सैल बसे. टेबलाला धक्का लागला, ठोकळा हलला, की तासाभराचे टंकन गेले. याहून मोठा दोष गणिताचा होता. सुरुवातीच्या काही यंत्रांत ०.२५चे वर्गमूळ विचारले की उत्तर येई १.३५९१४०९. बरोबर उत्तर ०.५ हे सातवीचा मुलगाही सांगेल. कंपनीला ही चूक निस्तरावी लागली आणि तिची बदनामी झाली ती योग्यच झाली. तरी शिक्षक म्हणून आम्हाला ही चूक मोलाची वाटते. यंत्र वर्गमूळ लॉगॅरिदमच्या वाटेने काढी, आणि १.३५९१४०९ला दोनाने गुणले तर २.७१८२८१८ येतात. ही संख्या कुठली, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याने ओळखावे. यंत्राचे उत्तर हे उत्तर असतेच असे नाही, ते पडताळावे लागते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण आमच्या माहितीत नाही. आजच्या यंत्रांच्या चुका इतक्या उघड दिसत नाहीत.

एप्रिल १९८२मध्ये स्पेक्ट्रम आला. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना, ४८चा १७५ला. रबरी कळा, रंगीत चित्र, आवाज. कळांवर अक्षरांखेरीज अख्खे शब्द छापलेले होते. आज्ञेच्या सुरुवातीला 'पी' दाबले की 'प्रिंट' हा पूर्ण शब्द उमटे. ज्याला इंग्रजी शुद्धलेखन अवघड जाते त्याला ही सोय होती, हे आपल्याकडच्या मुलांच्या दृष्टीने लक्षात घ्यावे.

स्पेक्ट्रमच्या रंगांची फार चेष्टा झाली. खेळातला माणूस झाडापुढून गेला की झाडाचा हिरवा रंग त्याच्या अंगाला लागे. पण हिशेब मांडून पाहा. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके, म्हणजे एकूण ४९१५२. ठिपका पेटलेला की विझलेला एवढेच नोंदवायला प्रत्येकी एक बिट, म्हणजे ६१४४ बाइट. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा आणि त्यासाठी चार बिट धरायचे, तर २४५७६ बाइट लागतील. ४८ किलोबाइटमधली निम्मी स्मृती एका चित्राने खाल्ली. म्हणून ठरले असे, की ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला मिळून दोनच रंग, एक शाईचा आणि एक कागदाचा. असे चौकोन ७६८, म्हणून ७६८ बाइट वाढले. एकूण ६९१२. झाडाचा रंग माणसाला लागतो तो या सौद्यामुळे. याला आम्ही ढिसाळपणा म्हणणार नाही. पदरी जे आहे त्यात संसार बसवला.

आणि पुस्तक. झेडएक्स ८१ आणि स्पेक्ट्रम यांच्याबरोबर येणारी प्रोग्रॅमिंगची पुस्तके स्टीव्हन व्हिकर्स यांनी लिहिली. यंत्राच्या आतली बेसिक भाषा घडवण्यातही त्यांचाच मोठा हात. म्हणजे ज्याने यंत्राला बोलायला शिकवले, त्यानेच माणसाला यंत्राशी बोलायला शिकवले. पुस्तक पहिल्या आज्ञेपासून सुरू होते आणि स्मृतीतली कोणती जागा कशासाठी राखली आहे, इथपर्यंत वाचकाला नेऊन सोडते. धड्यांच्या शेवटी स्वाध्याय आहेत, आणि काही अवघडही आहेत. लेखक वाचकाला बाळ समजत नाही. स्पेक्ट्रमच्या पुस्तकात आवाजाचा धडा आहे. त्यात महलेर या युरोपीय संगीतकाराच्या सिम्फनीतला तुकडा वाजवायला दिला आहे. मधल्या 'सी' स्वरापासून किती अर्धस्वर वर, हा आकडा आज्ञेत द्यायचा. ० हा षड्ज धरला तर २, ४, ५, ७, ९, ११ आणि १२ असे आकडे देऊन आपले शुद्ध सप्तक जवळपास वाजते. त्याच धड्यात व्हिकर्स जाता जाता सांगतात, की भारतीय संगीतात अर्धस्वराहूनही लहान अंतरे असतात आणि दशांश चिन्ह वापरून तीही या यंत्राला वाजवता येतील. त्या पुस्तकात भारत एवढाच आला, पण अगदी योग्य जागी आला.

शाळेसाठी निवडलेले यंत्र

एकॉर्न ही कंपनी १९७८मध्ये केंब्रिजला हर्मान हाउझर आणि ख्रिस करी यांनी काढली. करी आधी सिंक्लेअर यांच्याकडेच काम करीत. (पुढे दोघांत इतके वितुष्ट आले की १९८४च्या डिसेंबरात केंब्रिजच्या एका मद्यगृहात सिंक्लेअर यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून करींना हाणली. असो.) त्या सुमारास बीबीसी या प्रसारण संस्थेने संगणक साक्षरतेसाठी दूरचित्रवाणी मालिका करायचे ठरवले होते आणि मालिकेला जोडीचे यंत्र हवे होते. एकॉर्नचे यंत्र निवडले गेले. १९८१च्या अखेरीस ते विक्रीस आले, जानेवारी १९८२मध्ये मालिका सुरू झाली.

यंत्र म्हणून बीबीसी मायक्रो स्पेक्ट्रमहून सरस होते, यात आम्हाला शंका नाही. खऱ्या कळांचा भक्कम कळफलक. सोफी विल्सन यांनी रचलेली बेसिक, जिच्यात मोठ्या प्रोग्रॅमचे लहान नावाचे भाग पाडता येत. त्यामुळे उड्या मारत जाणाऱ्या आज्ञांचे जंजाळ टळे आणि विद्यार्थ्याला सुरुवातीपासून नीटनेटक्या विचाराची सवय लागे. विज्ञान शिक्षकाच्या दृष्टीने तर त्याची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा महत्त्वाची. तिथे बाहेरची उपकरणे जोडायला खाचा होत्या. त्यांतल्या एकीतून चार वेगवेगळे विद्युतदाब मोजता येत. थर्मिस्टर जोडला की तापमान मोजणारे यंत्र झाले. मे महिन्यात भंडाऱ्यात पत्र्याच्या खोलीतले आणि कौलारू खोलीतले तापमान दिवसभर दर दहा मिनिटांनी नोंदवून त्याचा आलेख काढणे, हा त्या यंत्राचा सहज प्रयोग होता.

दोष त्यालाही होते. दोन स्वरूपांत निघालेल्या या यंत्राच्या मोठ्या प्रकाराची किंमत लवकरच ३९९ पौंडांवर गेली, म्हणजे मोठ्या स्पेक्ट्रमच्या दुपटीहून जास्त. स्मृती ३२ किलोबाइट, आणि सर्वांत बारीक चित्राचा पडदा घेतला तर त्यातली २० किलोबाइट तिथेच जाई. सिंक्लेअरने रंगांत जो सौदा केला, तो एकॉर्नने केला नाही. त्याची किंमत प्रोग्रॅमच्या जागेत मोजली.

पण ब्रिटनमध्ये या यंत्राला जे यश मिळाले, पंधरा लाखांच्या आसपास यंत्रे खपली, ते केवळ पेटीचे यश नव्हते. मागे मालिका होती. जॉन कोल यांनी लिहिलेली पाचशेच्या आसपास पानांची मार्गदर्शिका होती. शाळेने यंत्र घेतले तर निम्मी किंमत सरकार देई. आणि शिक्षक स्वतः प्रोग्रॅम लिहून मासिकांतून छापत. वाचणारा शिक्षक ते टंकून घेऊन आपल्या वर्गासाठी बदलून घेई.

आपल्याकडे काय आले

१९८४-८५मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. 'क्लास' या नावाने तो ओळखला जातो. शिक्षण मंत्रालय, इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद यांचा तो एकत्रित उपक्रम. पहिल्या फेरीत देशातल्या सुमारे अडीचशे शाळा घेतल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो दिले. पुढे शाळा वाढल्या. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने हेच यंत्र 'युनिकॉर्न' नावाने देशात आणले. १९९३ नंतर योजनेला नवे रूप मिळाले तोवर हे यंत्र कालबाह्य ठरले होते.

यंत्राची निवड चुकली होती काय? आमच्या मते मुळीच नाही. त्या काळी शाळेसाठी याहून चांगले यंत्र मिळणे कठीण होते. चुकले ते असे, की तिकडे ज्या चार खांबांवर ते उभे होते त्यांतला एकच इथे आला. मार्गदर्शिका आली ती इंग्रजी. सोबतचे प्रोग्रॅम आले ते ब्रिटिश अभ्यासक्रमासाठी लिहिलेले. प्रशिक्षण केंद्रे नेमली होती, शिक्षकांना प्रशिक्षणही दिले, पण परत गेलेल्या शिक्षकाला महिन्याच्या महिन्याला काही नवे वाचायला, टंकायला, बदलायला मिळावे, अशी सोय त्याच्या भाषेत नव्हती. मग जे व्हायचे ते झाले. संगणक हा 'विषय' बनला. त्याला आठवड्यात तास मिळाला, त्याच्या व्याख्या पाठ झाल्या, आदान आणि प्रदान यांच्या चौकटी वहीत आल्या. आणि मागच्या बाजूच्या खाचा, ज्यांतून तापमान मोजता आले असते, त्या बहुधा रिकाम्याच राहिल्या असाव्यात. विज्ञानाच्या तासाला ते यंत्र उसने मागून नेणारा शिक्षक तयार करणे, हे त्या योजनेचे खरे काम होते असे आम्हाला वाटते. पेटी देणे त्यामानाने सोपे.

दुसरी वाट पुण्याची. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस हे सुधारित यंत्र 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने आणले. काही हजार यंत्रे खपली आणि १९९०च्या सुमारास मागणी आटली. तोवर सिंक्लेअर यांनी आपला संगणकाचा धंदा एप्रिल १९८६मध्येच ॲमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकून टाकला होता. घरच्या टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम भरायचा हे यंत्र. ४८ किलोबाइट म्हणजे ३,९३,२१६ बिट. सेकंदाला सुमारे १५०० बिट या गतीने भरायला सव्वाचार मिनिटे. मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. विदर्भातल्या भारनियमनाची सवय असलेल्यांना यातली गंमत कळेल. तरीही आमचे मन या पुण्याच्या यंत्राकडे थोडे अधिक ओढ घेते. सिंक्लेअरचा सगळा गुण स्वस्ताईत आणि पुस्तकात होता. यंत्र आपल्या राज्यात विकले जात होते. अशा वेळी व्हिकर्स यांच्या तोडीचे पुस्तक मराठीत लिहून पेटीत घालण्याची संधी होती. बाजाराने त्या यंत्राकडे मुख्यतः खेळणे म्हणून पाहिले आणि खेळण्याबरोबर जाड पुस्तक कोण मागतो?

ग किती चौकोनांत बसतो

पुस्तक मराठीत हवे होते, हे म्हणणे सोपे. खुद्द यंत्राला मराठी लिहिता आली असती काय? हे आम्ही कागदावर करून पाहिले, वाचकांनीही करावे. लागते फक्त चौकटीची वही.

दोन्ही यंत्रांत अक्षर म्हणजे ८ गुणिले ८ चौकोन. प्रत्येक आडवी ओळ एक बाइट. डावीकडून चौकोनांच्या किमती १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. भरलेल्या चौकोनांच्या किमतींची बेरीज करायची. 'ग' काढू. पहिली ओळ शिरोरेघेची, सगळी भरलेली, म्हणून २५५. पुढच्या तीन ओळींत डावा दांडा आणि उजवा काना, ३२ अधिक २, म्हणजे ३४. नंतरच्या दोन ओळींत डाव्या दांड्याची गाठ, ६४ अधिक ३२ अधिक २, म्हणजे ९८. शेवटच्या दोन ओळींत नुसता काना, २ आणि २. आठ आकडे यंत्राला दिले की पडद्यावर सुबक 'ग'.

आता 'गे' काढा. शिरोरेघ पहिल्याच ओळीत आहे, मात्रेला वर जागा नाही. शिरोरेघ दोन ओळी खाली घ्या, मग 'ग'ला पाचच ओळी उरतात. 'गु' हवा तर खालच्या दोन ओळी उकाराला द्या, की 'ग' चेपून तीन ओळींचा होतो आणि ओळखू येत नाही. इंग्रजी लिपी एका ओळीत चालते. आपली लिपी तीन मजली आहे. आठ चौकोनांच्या उंचीत तीन मजले बसत नाहीत.

दुसरी अडचण संख्येची. स्पेक्ट्रममध्ये आपली अक्षरे घालायला २१ जागा. मराठीत व्यंजनेच ३४. बीबीसी मायक्रोमध्ये सरळपणे ३२ जागा मिळत. गंमत अशी, की आमच्या झाडीबोलीत ण आणि ळ उच्चारले जात नाहीत. पाण्याचे पानी होते आणि डोळ्याचा डोरा. ती दोन वगळली की ३२ व्यंजने बरोबर बीबीसी मायक्रोच्या खान्यांत बसतात! मात्र स्वर, मात्रा आणि जोडाक्षरे दाराबाहेर.

म्हणजे दोष केवळ आयात करणाऱ्यांचा नव्हता, तो यंत्राच्या मापातच होता. देवनागरीचा प्रश्न सुटला तो वेगळ्या वाटेने. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्र, मग १९९१चे भारतीय लिप्यांसाठीचे संकेतमानक, आणि नंतर युनिकोड. पण पडद्यावर देवनागरी आली नाही तरी कागदावर येऊ शकत होती. छापखाने मराठीत होतेच.

एकॉर्न कंपनी आज त्या रूपात उरलेली नाही. तिच्याच केंब्रिजमधल्या विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेला प्रोसेसर २६ एप्रिल १९८५ रोजी पहिल्यांदा चालला. त्यात सुमारे २५००० ट्रान्झिस्टर होते. त्याचाच वंश, १९९०मध्ये वेगळ्या कंपनीच्या रूपाने निघालेला 'आर्म', आज बहुतेक मोबाइल फोनमध्ये आहे. वैनगंगेच्या काठी म्हशी राखणाऱ्या पोराच्या खिशातही एकॉर्नचा नातू आहे. फक्त तो फोन त्याला लुकलुकती रेघ दाखवत नाही. ती रेघ परत आणावी म्हणून केंब्रिजमध्येच २०१२ साली रास्पबेरी पाय हे स्वस्त यंत्र निघाले, आणि त्याच्या प्रकारांना बीबीसी मायक्रोच्या प्रकारांप्रमाणे 'ए' आणि 'बी' अशी नावे दिली गेली. २०१६ साली बीबीसीने मायक्रोबिट नावाची तळहाताएवढी पट्टी ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांना फुकट वाटली. ही दोन्ही यंत्रे भारतात मिळतात. घेण्यापूर्वी सोबतचे साहित्य उघडून पाहावे. मराठीत किती पाने आहेत ती मोजावीत आणि मगच किमतीचा विचार करावा.

आमच्या परीने एक छोटा प्रयोग केला, तो सांगतो. जुन्या स्पेक्ट्रमची नक्कल करणारे प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालतात. तसा एक आम्ही नववीच्या मुलांपुढे उघडला. कोरा पडदा पाहून आधी सगळे गप्प. मग सा रे ग म वाजले, तेव्हा खुर्च्या पुढे सरकल्या. आठ आकड्यांचा 'ग' दाखवल्यावर त्यांना जिल्ह्याचे नाव लिहायचे होते. 'भं'वर गाडी अडली, कारण अनुस्वाराला वर जागा नाही. एका मुलीने वहीत बराच वेळ खाडाखोड केली आणि विचारले, शिरोरेघच काढून टाकली तर? गुजरातीत असते कुठे? एक ओळ मोकळी झाली, अनुस्वार बसला, आकडे टंकले. पडद्याकडे पाहून तिची मैत्रीण म्हणाली, अवं, हे तं मंडारा झालं. पाहिले तर खरेच. शिरोरेघ गेली की भ आणि म यांत गाठीचाच काय तो फरक, आणि तो आठ चौकोनांत हरवला होता. तास संपल्याची घंटा झाली तरी दोघी भ ची गाठ एक घर डावीकडे सरकवून नव्याने बेरजा करीत होत्या.